पटावर एक

"सात सक?"

"अडतीस," निशिगंधा म्हणाली.

दर्शनाबाईंच्या हातातला खडू थांबला. शनिवारपर्यंत या मुलीला तिसापर्यंतचे पाढे येत होते. रविवारी कुठे पडली-झडली की काय, म्हणून बाईंनी तिच्या डोक्याला हात लावून पाहिला. कानटोपी होती. कानटोपीच्या आत डोकंही जागेवर होतं.

वाडीच्या शाळेत चार इयत्ता होत्या आणि एक मुलगी. ती चौथीत होती, त्यामुळे बाकीच्या तीन इयत्तांना सध्या सुट्टीच होती. वर्गात पहिली तीच यायची आणि शेवटचीही तीच. तरी "कोण सांगेल?" असं विचारायची सवय बाईंनी सोडली नव्हती. निशिगंधा हात वर करायची. बाई सगळ्या वर्गावरून नजर फिरवायच्या आणि मग तिचं नाव घ्यायच्या.

येत्या शनिवारी केंद्रप्रमुख येणार होते. फोनवर ते स्पष्टच बोलले होते, "बाई, एका पोरासाठी शाळा चालू ठेवा, हे मी वर कुठल्या तोंडाने सांगू? पोर हुशार निघालं तर काहीतरी लिहिता येईल. जूनमध्ये तुमच्याकडे पहिलीला दोन येतायत, तोवर ढकलू."

बाईंनी हे निशिगंधाला सांगितलं नाही. नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर अख्खी शाळा कशाला ठेवायची?

मंगळवारी थंडी वाढली. दोघी ओट्यावर ऊन खात बसल्या. सूर्य कुठे उगवतो, असं बाईंनी विचारलं. "पश्चिमेला," निशिगंधा म्हणाली, समोर नुकत्याच वर आलेल्या सूर्याकडे डोळे बारीक करून बघत. पाण्याची रूपं किती? तीन. विहिरीचं, नळाचं आणि टँकरचं.

बुधवारी बाईंनी गटचर्चा घेतली. गटात निशिगंधा एकटीच होती. तरी गटाचं उत्तर चुकलं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर बाई तिच्या आजोबांकडे गेल्या. आप्पा अंगणात सुपाऱ्या सोलत बसले होते.

"आप्पा, पोरीला झालंय काय? शिकवलेलं सगळं पुसून गेलंय. माझंच काहीतरी चुकतंय."

"एवढं काय मनाला लावून घेता, बाई? मी चौथीत तीन वर्सं काढली. मास्तर बदलले. मी नाय हललो."

बाई परत निघाल्या. शेवटची एसटी यायची होती. थांब्यावर कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी रडून घेतलं. डीएड, बारा वर्षांची नोकरी, दोन आदर्श पाठ, आणि एक मुलगी शिकवता येत नाही.

शुक्रवारी त्यांनी काही विचारलंच नाही. निघताना एवढंच म्हणाल्या, "उद्या साहेबांसमोर तरी नीट बोल हां, बाळा." निशिगंधाने मान डोलावली. तिच्या चेहऱ्यावर कसलीच भीती दिसत नव्हती.

साहेब मोटारसायकलवरून आले. हेल्मेट त्यांनी पहिलीच्या बाकावर ठेवलं. पहिलीला तेवढीच सोबत झाली.

"दोन आणि दोन किती, बाळ?"

निशिगंधाने बोटं मोजली. पुन्हा मोजली. "पाच."

"नक्की?"

"सहा."

साहेबांनी चष्मा काढला. ते चिडले नाहीत, ते फार वाईट झालं. "एक मूल आणि त्याच्यासाठी एक अख्खी शिक्षिका. तरी ही अवस्था. मी लिहू काय, तुम्हीच सांगा." त्यांनी चष्मा परत घातला. "पुढच्या महिन्यापासून हिला खालच्या गावच्या शाळेत बसवा. तुमच्या बदलीचं कळवतो."

मोटारसायकल उतारावरून खाली गेली. आवाज बंद होईपर्यंत निशिगंधा दारात उभी होती. मग तिने बाईंचा पदर ओढला. ती हसत होती.

"बाई, झाले ना मी नापास? एकदम?"

"म्हणजे?"

"नळावर बाया म्हणत होत्या, ही चौथी पास झाली की शाळेला कुलूप." तिने आवाज खाली आणला. "मला येतं सगळं. कोणाला सांगू नका. आता पुढच्या वर्षी पण मी चौथीत, त्याच्या पुढच्या पण. तुम्ही कुठे जायचं नाय."

बाई तिच्यासमोर खाली बसल्या. तिची कानटोपी नीट केली.

"झालीस हो," त्या म्हणाल्या. "पक्की नापास."

वर्षभरात त्यांनी तिला बरंच शिकवलं होतं. चौथीत कोणालाच नापास करत नाहीत, एवढंच शिकवायचं राहिलं होतं.