डबल बेल

भर उन्हाळ्यात तिघे दोस्त अनोळखी मुलखात भटकायला निघाले. ड्रायव्हर आणि कंडक्टर बावीस वर्षं एकाच बसवर. तिसरा डेपोतला मेकॅनिक. बायको गेल्यापासून कंडक्टरची वाचाच बसली होती, म्हणून दोघांनी त्याला बळेच मागच्या सीटवर कोंबलं होतं. वाटेत सरबत पिऊन सगळे गाडीत बसले, पण ड्रायव्हर गाडी काढेना. “चल की, भाजून निघालो!” मेकॅनिक करवादला. “डबल बेल कुठे मिळालीय?” “शहाण्या, ही तुझ्या जावयाची गाडी आहे, बस नाही!” “बेलशिवाय आपण चाक हलवत नाही.” दहा मिनिटं तिघेही घामाने निथळत बसले. शेवटी खिडकीच्या काचेवर तिकिटांचा पंच दोनदा वाजला. “जाऊ दे,” घोगरा आवाज आला. ड्रायव्हरने गिअर टाकला. आरशात पाहिलं नाही. हा मागे असताना त्याला मागे कधी बघावंच लागलं नव्हतं.