तिसरा नमुना

"आजी, तुम्ही जरा लांब उभ्या राहा," जयवंती सिस्टर म्हणाली आणि पॉलिन लगेच दोन पावलं मागे सरकली. न सरकून सांगते कुणाला! सकाळी सांडोरच्या घरून दवाखान्यात यायला निघतानाच मुलाने बजावलं होतं, "मम्मी, आज बाळाला हात लावायचा नाही. तुझ्या तेलामुळे दोनदा रिपोर्ट खराब आलाय." एवढं ऐकवून फ्लॉईड कामावर निघून गेला होता. एकोणीस दिवसांच्या नातवाला आज आजीचा हात बंद.

नातू टेबलावर उताणा पडून मजेत पाय झाडत होता. त्याच्या डाव्या किडनीला सूज होती. आईच्या पोटात असतानाच ती सोनोग्राफीत दिसली होती. लघवीत जंतू आहेत का, ते कळल्याशिवाय डॉक्टरांना पुढचं काही ठरवता येत नव्हतं. लघवी धरायची चिकटपिशवी त्याला दोनदा घरी लावून झाली, आणि दोन्ही वेळा लॅबने कळवलं, नमुना स्वच्छ नाही, पुन्हा पाठवा.

"आता पिशवीचा भरवसा नको," डॉक्टर उन्नती म्हणाल्या. "सुईनेच काढू. बेंबीच्या खालून, थेट मूत्राशयातून. मिनिटाचं काम आहे."

मिनिटाचं असेल हो, पण सुई केवढी! सिस्टरने ती ट्रेमध्ये ठेवली. बाळाच्या आईने, स्टेफीने, बाळाकडे पाहिलं. तळहाताएवढं पोट, श्वासागणिक वरखाली होणारं.

"डॉक्टर, थांबा," ती म्हणाली. "तेल नव्हतं ते. मी पाणी लावलं होतं."

"कसलं पाणी?"

"चर्चमधलं. आशीर्वादाचं." स्टेफीची मान खाली गेली. शाळेत सायन्स शिकवणारी बाई ती! "अजून बाप्तिस्मा व्हायचाय ना त्याचा. पिशवी चिकटवायच्या आधी मी त्या पाण्यात बोट बुडवून तिथे क्रूस काढला. दोन्ही वेळा. बाटली ईस्टरपासूनची घरात आहे."

पॉलिनने चमकून सुनेकडे पाहिलं.

डॉक्टर चिडल्या नाहीत. घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "मग एक करू. बाळाला इथे स्वच्छ करू आणि धार थेट बाटलीत धरू. अर्धा तास देते. नाही जमलं तर सुई. चालेल?"

सिस्टरने बाळाला पुसून घेतलं. "एकीने बगलेखाली धरून उभं करा, एकीने बाटली धरा. पहिली धार सोडून द्यायची, मधली पकडायची."

"मम्मी, तुम्ही धरा त्याला," स्टेफी म्हणाली.

"फ्लॉईड ओरडेल."

"ओरडू दे. धरा."

पॉलिनने कोपरापर्यंत हात धुतले आणि नातवाला उचललं. स्टेफी बाटली घेऊन खाली गुडघ्यांवर बसली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. सिस्टरने दोन बोटांनी बाळाच्या ओटीपोटावर टिचक्या मारल्या, कंबर चोळली, बेसिनचा नळ सोडला. पॉलिनने "शूऽऽ शूऽऽ" सुरू केलं, सिस्टरनेही सूर लावला. बाळाने तिघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि एक उचकी दिली.

"लाटसाहेब!" पॉलिन म्हणाली. "घरी माझ्या साड्यांवर साड्या भिजवल्यास आणि इथे लाजतोस?"

पंचवीस मिनिटं झाली. सिस्टरने ट्रे जवळ ओढला. स्टेफीने बाटली दोन्ही हातांनी घट्ट धरली. मनातल्या मनात ती बाळाच्या हातापाया पडत होती, कर रे राजा, एवढं कर.

आणि धार आली, ती थेट तिच्या हनुवटीवर.

"ती जाऊ दे!" सिस्टर ओरडली. "आता! आता धर!"

स्टेफीने धरली. बाटलीत चांगली बोटभर जमली. सिस्टरने झाकण लावलं, वर नाव लिहिलं आणि सुईचा ट्रे उचलून ती बाटलीसकट बाहेर गेली. स्टेफी तिथेच जमिनीवर बसून रडायला लागली. हनुवटी पुसायचंसुद्धा तिला सुचलं नाही.

थोडी सावरल्यावर तिने विचारलं, "मम्मी, तेल तुम्ही लावलंच नव्हतं?"

"नाही गो. पिशवी देताना सिस्टर नको म्हणाली, त्या दिवसापासून हात नाही लावला तेलाला."

"मग फ्लॉईड एवढं बोलला, तेव्हा सांगितलं का नाही?"

पॉलिन नातवाला दुपट्यात गुंडाळत होती. तिने मान वर केली नाही.

"मी नाही म्हटलं असतं, तर मग त्याने तुला धारेवर धरलं असतं. मला काय, सकाळी ओरडतो आणि संध्याकाळी येऊन जेवायला मागतो. तुला ओरडला असता तर तू रडत बसली असतीस, दूध आटलं असतं. मग ह्याने काय प्यायचं?"