आधी चहा

चौकशी समितीची बैठक चहानंच सुरू झाली. ‘निवांत’ चहाच्या चार घोटांत अंगातला राग आणि भीती उतरते, त्यामुळे कंपनीत आता प्रत्येक टेबलावर तोच असतो.

मॅनेजर दाभाडकरांनी विमलच्या थोबाडीत मारली, ते एकट्या नागनाथनं पाहिलं होतं. सकाळी तो थरथरत म्हणाला होता, “ताई, नोकरी गेली तरी बेहत्तर, मी खरं सांगणार.” आता तो चहा बशीत ओतून भुरके मारत होता. मिशीला साय चिकटली होती.

“सांग ना, साहेबांनी मारलं की नाही?” विमलनं विचारलं.

“मारलं की.” त्यानं ती साय जिभेनं ओढून घेतली. “पण एवढं काय त्यात, ताई? उठतो हात कधीतरी.”

विमलनं टेबलापलीकडे पाहिलं. दाभाडकरांनी मात्र कपाला बोटही लावलं नव्हतं. आपला राग जपण्याइतका माणूस हिशेबी होता.

“अगं, तुझा चहा निवतोय,” अध्यक्षबाई मायेनं म्हणाल्या.

“आधी माझी तक्रार लिहून घ्या. मग दोन कप पिते.”

सगळ्यांनी कारकुनाकडे पाहिलं. त्यानं रिकामा कप बाजूला सारला, तृप्तीचा ढेकर दिला आणि पेनाला टोपण लावलं.