मनीमाऊची मैत्रीण

लेक नेटवर कुणा अनोळखी माणसाच्या नादी लागत नाही ना, हे तपासायला दातांच्या डॉक्टरांनी 'मनीमाऊ' नावाचं खोटं खातं काढलं, वय ठोकलं तेरा आणि तिला रिक्वेस्ट धाडली. कार्टीनं लगेच ब्लॉक केलं आणि जेवताना आईसमोर वर सांगितलं, "बाबा, कुणीतरी मनीमाऊ मागे लागली होती. हाकलली!" डॉक्टरांनी तयार ठेवलेलं भाषण फुकट गेलं.

पण मनीमाऊला 'चिमणी' नावाची मैत्रीण मात्र चिकटली. तीही म्हणे तेराचीच! "घरी एकटीच असतेस का गं? आईबाबा कधी येतात?" असल्या तिच्या चौकशा वाचून डॉक्टरांचं टाळकं सटकलं. हा नक्कीच कुणीतरी मिशाळ बाप्या! त्यांनी गोडीगुलाबीनं चिमणीला बागेच्या फाटकाशी बोलावलं आणि स्वतः क्रिकेटचा स्टंप घेऊन झुडपामागे दबा धरून बसले.



थोड्याच वेळात त्यांची बायको हवालदाराला घेऊन आली आणि झुडपाकडे बोट दाखवत किंचाळली, "साहेब, मला खरीखुरी तेरा वर्षांची चिमणी समजून इथं बोलावणारा मेला तो बघा, हातात दांडकं घेऊन बसलाय... अगंबाई, तुम्ही?"