जुन्या खुणेच्या वर
लिझमोरमध्ये नदी चढू लागली, की भिंतीवरच्या जुन्या पुराच्या खुणेहून वर सामान टांगायचं, ही रीतच. लेस्टरनं बारा वर्षांत जमवलेली, मैत्रीण ऑर्लानं रंगवलेली सातही चित्रं, ते निळ्या आभाळात पेंगत तरंगणारे ग्रह, खुणेच्या दोन हात वर टांगली. पाणी त्याच्याही वर गेलं. सातही कॅनव्हासांवर नुसता गाळ उरला. चौथ्या दिवशी ऑर्ला चिखल तुडवत फाटकाशी आली. “माझा स्टुडिओ गेला रे. चाळीस वर्षांचं एकही चित्र उरलं नाही. मग म्हटलं, रडतेय कशाला? तुझ्याकडे सात आहेत की, म्हाताऱ्या!” “ऑर्ला, ऐक ना…” “आधी हात धुऊ दे. असल्या हातांनी नाही धरायची मला ती.” तिनं दोन्ही हात पुढे केले. लेस्टरनं पिण्याच्या पाण्याची शेवटची बाटली उघडली. हात केव्हाच स्वच्छ झाले, तरी तो पाणी ओततच राहिला.