झायलोफेंड्रिया

"सर, झायलोफेंड्रिया म्हणजे काय हो?"

मैत्रीण मुक्तानं "विचारून दाखव" म्हणून पैज लावली होती, म्हणून राजेश्रीनं बेधडक विचारलं. सोनपेठच्या त्या शिकवणीत इंग्रजीतला कसलाही अवघड शब्द टाका, सर कधी अडतच नसत. राजेश्रीला संशय होता तो त्याचाच.

"समुद्रातलं एक शेवाळ. अन् 'झाय'वर जोर द्यायचा, बरं का!" सरांची पापणीही लवली नाही. सगळ्या वर्गानं जोर देऊन म्हटलं.

संध्याकाळी शेळ्या बांधणाऱ्या आईबाबांपुढं ती उभी राहिली. "उद्यापासून मी शिकवणीला जायची न्हाई. तो शब्द मुक्तानंच एष्टीत बसून बनवला होता. सरांनी थाप मारली, ते जाऊ द्या. पण आता मुक्ताच तो अर्थ पाठ करायलीय!"