राळेतली अळी

"आई, एक सांगू? आज जरा सबुरीने घे," गाडी चालवता चालवता सलिल म्हणाला. "समोर उर्वी आहे. तुझ्याच हाताखाली शिकलेली. उगाच तिला अडचणीत आणू नकोस."

सुहासिनीबाईंनी मांडीवरचा प्रबंध मिटला नाही. "अडचणीत यायचं तर विषयामुळे येईल. माझ्यामुळे नाही," त्या म्हणाल्या आणि पेन्सिलीने समासात एक खूण केली.

डोंबिवलीहून निघून गाडी कल्याण फाट्याला अडकली होती. ठाण्यातल्या कॉलेजात अकरा वाजता तोंडी परीक्षा होती. हाच प्रबंध मागच्या वर्षी एकदा परत गेला होता. आज पुन्हा परत गेला तर विद्यापीठ तिसरी संधी देणार नव्हतं. बाईंना हे ठाऊक होतं, तरी त्यांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. अडुसष्टाव्या वर्षीही त्या रोज सकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत. सोसायटीतल्या बायकांनी त्यांना हास्यक्लबला बोलवायचं केव्हाच सोडून दिलं होतं.

प्रबंध एका अळीवर होता. दहा कोटी वर्षांपूर्वी झाडाच्या राळेत अडकलेली, तांदळाच्या दाण्याएवढी. तिने पाठीवर नेच्याच्या पानांवरचे केस आणि बारीक कचरा वाहून आणला होता, लपण्यासाठी. आजच्या जाळपंखी किड्याची अळीही तेच करते. हिरवट, जाळीदार पंखांचा हा नाजूक किडा दिव्यावर येतो. त्याची अळी झाडावरचे मावा किडे खाते आणि त्यांच्या रिकाम्या साली पाठीवर घेऊन हिंडते. बाईंनी उर्वीला ती पहिल्यांदा दाखवली ती जास्वंदीच्या पानावर. उर्वी तेव्हा दोन वेण्या घालायची.

ती उर्वी आज कॉलेजच्या पायऱ्यांवर वाट बघत उभी होती. करड्या रंगाची साडी, हातात फाइल. तिने वाकून नमस्कार केला. बाईंनी तिचा हात धरला तर तो गार होता.

"घाबरलीस?"

"हो," उर्वी म्हणाली. "माझी पहिलीच वेळ आहे. त्यात समोर तुम्ही."

"मग विसर मी कोण आहे ते," बाई म्हणाल्या.

सलिल बाहेरच्या बाकावर बसला. आत विभागप्रमुख परशुराम सर अध्यक्ष म्हणून बसले होते. मागे काही विद्यार्थी होते. परशुराम सरांनी सुरुवात करायला सांगितलं आणि पडद्यावर अळी आली. मधाच्या रंगात तरंगणारी, दोन्ही जबडे विळ्यांसारखे पुढे काढलेली.

पहिला अर्धा तास सुरळीत गेला. राळ कुठल्या संग्रहालयातली, वय कसं ठरवलं, अळीच्या मानेची लांबी किती, असं सगळं झालं. मग गाडी जबड्यावर आली आणि उर्वी खुर्चीत सरळ झाली.

तिचं म्हणणं असं होतं की डाव्या जबड्याच्या आतल्या कडेला एक टोक दिसतं. तो दात असेल तर ही अळी जाळपंखीच्या घराण्यातली नाही. ती त्यांच्या चुलत घराण्यातली, वाळूत नरसाळ्यासारखा खड्डा करून मुंग्यांची वाट बघणाऱ्या किड्यांच्या बाजूची. आणि तसं असेल तर सगळा प्रबंधच कोसळतो.

"मला तरी तो दातच दिसतो, मॅडम," ती म्हणाली. तिने नजर खाली घातली नाही.

"तुला दिसतो. मान्य," सुहासिनीबाई म्हणाल्या. "आता हाच जबडा खालून बघ."

परशुराम सरांनी त्या 'तू'वर भुवई उंचावली. पडद्यावर दुसरं चित्र आलं. बाईंनी सावकाश समजावलं. दात जबड्यातूनच उगवतो, त्याच्या बुडाशी फट नसते. इथे फट होती, आणि फटीत राळ शिरली होती. म्हणजे तो कचऱ्यातला एक केस तिथे चिकटलेला. उर्वी बराच वेळ चित्र बघत राहिली. मग तिने मान हलवली आणि फाइलमध्ये काहीतरी लिहिलं.

पण तिने पाठ सोडली नाही. बिनदाती जबडे एकाच घराण्यात एकदाच आले, की वेगवेगळ्या वेळी दोनदा, हे या अळीवरून कसं ठरवायचं, असा तिचा प्रश्न होता.

बाईंनी समोरचा प्रबंध मिटला.

"नाही ठरवता येत," त्या म्हणाल्या. "एका अळीवरून कुणालाच नाही. मागच्या वेळी या प्रबंधात तसा दावा होता. तो काढला हे बरं झालं. जीवाश्माच्या दगडाने जेवढं सांगितलं तेवढंच बोलायचं. इथे दगडाऐवजी राळ आहे, एवढंच."

उर्वी पहिल्यांदाच हसली. आपल्याला आणखी काही बोलायचं नाही, असं तिने सांगितलं.

परशुराम सरांनी घसा साफ केला. निकाल ठरेपर्यंत उमेदवाराने बाहेर थांबायचं, असा नियम त्यांनी वाचून दाखवला. उर्वी जागची हलली नाही. सुहासिनीबाईंनी चष्मा पुसला, पर्स उचलली आणि बाहेर येऊन सलिलच्या शेजारी बाकावर बसल्या. थोड्या वेळाने दार उघडलं आणि उर्वी म्हणाली, "आत या, डॉक्टर सुहासिनी."